तीन ओळींचं उत्तर

शनिवारी दुपारी आई तिच्या खोलीच्या दाराशी फरशीवर बसून दाराच्या खालच्या कडेला जाड लोकरी कापडाची पट्टी चिकटवत होती. जुनी पट्टी झिजली होती आणि खालून फट पडली होती. आतलं बोलणं बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून ही पट्टी होती, आणि त्याच कामासाठी बाकाशेजारी एक रेडिओ दिवसभर हळू आवाजात सुरू असे. आई समुपदेशक होती. घराची पुढची खोली तिची. बाबा गेल्यापासून मागच्या दोन खोल्यांमध्ये आम्ही दोघी राहत होतो.

मी बाकावर बसून तिने व्यावसायिक संघटनेच्या नीतिसमितीला लिहिलेलं उत्तर वाचत होते.

"हे एवढंच?"

"एवढंच."

"तीन ओळी आहेत, आई. दुधवाल्याला याहून मोठी चिठ्ठी लिहितेस तू."

"दुधवाला तक्रार करत नाही. कात्री दे."

उत्तर असं होतं: माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी सांगू शकत नाही. इतर कुणाहीबद्दल विचारलं असतं तरी मी हेच लिहिलं असतं. याहून अधिक मला काही म्हणायचं नाही.

तक्रार एका आईवडिलांनी केली होती. त्यांची चोवीस वर्षांची मुलगी घर सोडून गेली होती. मुलीने स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन, मी सज्ञान आहे आणि माझ्या मर्जीने गेले आहे, असा जबाब दिला होता, त्यामुळे पोलिसांनी विषय संपवला होता. आईवडिलांनी संपवला नाही. मुलगी माझ्या आईकडे समुपदेशनाला जात होती, आईनेच तिला फूस लावली, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलीचा फोटो आणि त्याखाली आईचं नाव, असा संदेश गावभर फोनवर फिरला. आई ज्या संस्थेत शिकवायची, तिथल्या पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात तिचं नाव नव्हतं. कुणी तिला तसं सांगितलं नाही. तिने ते फलकावर वाचलं.

"नियमांत लिहिलंय," मी म्हटलं, "स्वतःच्या बचावासाठी लागेल तेवढं सांगता येतं."

"सांगता येतं. सांगावंच लागतं असं नाही लिहिलेलं."

"पण का नाही?"

तिने पट्टीवरून अंगठा दाबत नेला. "माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत सांगते. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाला इजा होत असेल, न्यायालयाचा आदेश आला, तर मी बोलेन. माझी बदनामी झाली तर बोलेन, असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

तेवढ्यात मामा आला. आईहून सहा वर्षांनी लहान, पण तिच्यावर देखरेख ठेवणं हे आपलंच काम आहे अशी त्याची समजूत.

"अक्का, या वयात फरशीवर लोळण? उठवणार कोण तुला, क्रेन?"

"पट्टी उरली तर तुझ्या तोंडालाही लावते. थांब."

आम्ही दोघांनी एकेक हात धरून तिला उठवलं. उठताना तिचा तोल गेला आणि ती हसत सुटली, आणि मामा ओरडला, "दात काढू नकोस, आधी पाय टेक!" मग तिने रेडिओ लावला, आत गेली, दार लावून घेतलं आणि आतून मोठ्याने आकडे म्हणू लागली. आम्ही बाहेर कान देऊन उभे. काही ऐकू आलं नाही.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारपर्यंत सगळं संपलं.

*

संध्याकाळी आईच्या सहकारी बाई आल्या. या बाईंना आमच्या घरात आईने 'कुलूपबाई' हे नाव पाडलं होतं, कारण दोघींनी फार पूर्वी एकमेकींशी लेखी करार केला होता: आपल्यापैकी जी आधी जाईल तिचं नोंदींचं कपाट दुसरीने ताब्यात घ्यायचं आणि तिच्याकडे येणाऱ्या माणसांना स्वतः फोन करून कळवायचं. त्यांनी मला जवळ घेतलं. मग डोळे पुसले आणि किल्ली मागितली.

मामा दारात आडवा उभा राहिला. "बाई, एक मिनिट. त्यातली एकच नोंद काढा. त्या मुलीची. माझ्या बहिणीने काय केलं, काय नाही, ते दिसू दे लोकांना. नाहीतर हा चिखल कायमचा राहील तिच्या नावावर."

"तुम्ही म्हणता ती नोंद या कपाटात आहे की नाही, हेसुद्धा मी सांगू शकत नाही."

"झालं! अक्का गेली आणि तिची तीच कॅसेट तुमच्याकडे वाजत ठेवून गेली." त्याचा आवाज चिरकला. "अहो, आम्ही घरचे आहोत."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "माणूस गेलं तरी त्याने दिलेला शब्द संपत नाही. आणि हा शब्द तर ज्यांना दिला ती माणसं जिवंत आहेत."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली दिली. करार आईचा होता, एवढंच. पटलं होतं असं नाही. कपाट टेम्पोत चढवताना मी खिडकीशी उभी राहून पाहत होते. माझ्या आईला निर्दोष ठरवणारा कागद कदाचित त्यात असेल आणि तो दोन हमाल उचलून नेत आहेत, असं मनात येत होतं.

त्या आठवड्यात दोन पत्रं आली. संस्थेने आईची शोकसभा 'प्रलंबित बाबीचा निर्णय होईपर्यंत' पुढे ढकलली होती. आणि नीतिसमितीने कळवलं होतं की, जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती हयात नसल्याने प्रकरण कोणताही निष्कर्ष न काढता बंद करता येईल; मात्र कुटुंबाने नवीन पुरावा दिल्यास चौकशी पुढे चालवून निर्णय दिला जाईल. निष्कर्ष न काढता म्हणजे काय, हे मला कळत होतं. ती दोषी ठरणार नाही. निर्दोषही ठरणार नाही. मला निर्णय हवा होता. मला भरलेल्या सभागृहात आईची शोकसभा हवी होती.

*

भेटायला माणसं येत राहिली. काहींना आपण आईला कसे ओळखतो ते सांगता येत नव्हतं. आई रस्त्यात तिच्याकडे येणाऱ्या कुणालाही आपणहून ओळख दाखवत नसे. समोरच्याने दाखवली तरच हसायची. आता तीच माणसं आमच्या मागच्या खोलीत चपला काढून अवघडून बसत होती, आणि मामा प्रत्येकाला पाणी देता देता विचारत होता, "तुम्ही कसे ओळखायचा अक्काला?"

"बँकेत ओळख झाली," एक गृहस्थ म्हणाले.

"कुठल्या?" मामाने विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. त्या बँकेत आईचं खातं कधीच नव्हतं.

"मामा, चहा बघ," मी म्हटलं.

ती आली तेव्हा घरात चारपाच जण होते. केस बारीक कापले होते, चष्माही होता, तरी फोनवर फिरलेला फोटो इतक्यांदा समोर आला होता की मी तिला दारातच ओळखलं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. मामा तांब्या घेऊन वळला.

"तुम्ही कशा ओळखता हो—"

"माझी मैत्रीण आहे," मी म्हटलं. "मामा, आम्ही जरा गच्चीत जातो."

गच्चीत दोरीवर आईची चादर तशीच होती. ती मुलगी कठड्याला हात लावून उभी राहिली.

"मी मॅडमकडे—"

"ते सांगायची गरज नाही."

"मला सांगायचंय. मला तक्रारीचं माहीतच नव्हतं. मॅडमनी अवाक्षर काढलं नाही. परवा कुणाकडून तरी कळलं."

आईने तिला का सांगितलं नसेल, ते मला तिथे उभ्या उभ्या उमगलं. सांगणं म्हणजे तिच्याकडे साक्ष मागणंच झालं असतं.

"त्यांनी मला जा म्हणून कधीच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "उलट दर वेळी विचारायच्या, घाई होत नाहीये ना, राहायची सोय काय, पैशाचं काय. मी हे समितीला लिहून देते. आज देते. चालेल ना?"

मीही कठडा धरला. मला जे हवं होतं ते दोन हातांवर उभं होतं आणि स्वतःहून विचारत होतं. फक्त हो म्हणायचं होतं. मी समितीचे नियम पाठ होईपर्यंत वाचले होते. त्यातला एक नियम तिला माहीत नसणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुम्ही जे लिहून द्याल," मी म्हटलं, "त्याची प्रत तक्रारदाराला मिळते. तुमची सही, तारीख, पत्ता, सगळ्यासकट. पत्ता झाकता येईल की नाही, मला माहीत नाही. आणि समिती तुम्हाला समोर बोलावू शकते. तेव्हा तेही तिथे असतील."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"मग मला परत घर बदलावं लागेल," ती म्हणाली. "आत्तापर्यंत दोनदा बदललंय." मग तिने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? देऊ?"

"मला विचारू नका. मला ते पत्र इतकं हवंय की माझा सल्ला काही कामाचा नाही." मी तिला कुलूपबाईंचा नंबर दिला. "त्यांच्याशी बोला. नाही म्हणालात तरी कुणी तुम्हाला नाव ठेवणार नाही. मी तर नाहीच."

"मी इथे आले होते हे..."

"या घरात कोण येऊन गेलं ते मी कुणाला सांगत नाही."

जाताना तिने आईच्या खोलीकडे एकदा पाहिलं. मामा दारापर्यंत सोडायला गेला आणि परत येऊन म्हणाला, "तुझी ही मैत्रीण मी कधी पाहिली नव्हती."

"तू माझ्या किती मैत्रिणी पाहिल्यायस?"

तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मामा फार बोलतो, पण मूर्ख नाही. त्याने तांब्या खाली ठेवला आणि त्यानंतर आलेल्या कुणालाही काही विचारलं नाही.

*

समितीच्या बैठकीच्या दिवसापर्यंत कुठलंही पत्र आलं नाही. मी एकटीच गेले. कार्यालय एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. बाहेरच्या अरुंद जागेत दोनच खुर्च्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर मुलीची आई बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. ती माझ्या आईच्या वयाची असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

मी उभीच राहिले. तिने शेजारच्या खुर्चीकडे हात केला.

"आईचं कळलं. वाईट झालं," ती म्हणाली.

"हं."

"मी वाईट चिंतलं नव्हतं त्यांचं. देवाशपथ. मला फक्त माझी मुलगी हवी होती." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला काही ठाऊक आहे का? पत्ता नको मला. ह्यांना पाहिजे, मला नको. ती बरी आहे का, एवढंच. जेवतेखाते का. एवढंच सांगा."

हो म्हणायला श्वाससुद्धा लागत नाही. तिचे बारीक कापलेले केस, चष्मा, स्वच्छ इस्त्री केलेला कुर्ता, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण हो म्हटलं की मला ती भेटली हे कळणार. नाही म्हटलं तर ते खोटं, आणि या बाईच्या तोंडावर खोटं बोलायला मला जमलं नसतं. सांगता येत नाही, असं म्हटलं असतं तर तेही सांगितल्यासारखंच झालं असतं. आई रोज कसलं ओझं उचलत होती, ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. गप्प राहणं म्हणजे काहीच न करणं, असं मला वाटत आलं होतं.

"तुमच्याविषयी मला वाईट वाटतं," मी म्हटलं. ते खरं होतं. "माझ्याकडे तुम्हाला देण्यासारखं काही नाही."

तिने मान हलवली आणि पर्सची चेन उघडून परत लावली.

आत लांब टेबलामागे समितीचे तिघे होते. मधले अध्यक्ष वयस्कर, सौम्य बोलणारे; आईला ते ओळखत होते. त्यांनी आधी दुःख व्यक्त केलं, मग समोरचा कागद सरळ केला.

"कुटुंबाकडून काही नवीन पुरावा?"

"नाही."

"म्हणजे प्रकरण निष्कर्षाविना बंद होईल. याचा अर्थ तुम्हाला समजतोय ना? तुमच्या आईंवर ठपका नाही, पण त्या... म्हणजे आम्ही त्यांच्या बाजूनेही काही म्हणू शकत नाही."

"समजतोय. बंद करा."

टेबलाच्या टोकाला मुलीची आई मान खाली घालून बसली होती. लिहून घेणाऱ्या सदस्याने पेन उचललं.

"कुटुंबाचं काही निवेदन नोंदवायचं आहे का?" अध्यक्षांनी विचारलं. "बंधनकारक नाही."

मी नाही म्हणणार होते. मी उभी राहिले, तेव्हाही नाहीच म्हणणार होते.

"नोंदवू नका, नुसतं ऐका," मी म्हटलं. "ही तक्रार आल्यापासून आमच्या घरात मी आईशी फक्त भांडले. अजून चार ओळी लिही, नाव वाचव, लोक काय म्हणतायत बघ. तू खरंच काय केलंस, असं मी तिला कधी विचारलं नाही. तिला सांगता आलंच नसतं. पण विचारलं नाही म्हणून तिला वाटलं असेल, की मुलीच्याही मनात कुठेतरी शंका आहे. शंका नव्हती. एक दिवसही नव्हती. आई, माझा तुझ्यावर विश्वास होता. तू मला काही न सांगताही होता."