जनरलचं घराणं

वखारवाल्याच्या घरात माणसं उपाशी राहिली तर चालायचं, पण जनरलचं ताट वेळेवर लागायचं. जनरल म्हणजे त्याचा कुत्रा. छाती भरदार आणि आवाज असा, की चोरानेही परत फिरावं. गावात कुणाला राखणीचं पिल्लू हवं असलं की तो आपली कुत्री माजावर आल्यावर वखारीत आणून सोडायचा, आणि पुढे पिल्लं 'जनरलच्या घराण्यातली' म्हणून मिरवायचा. वखारवाला बदल्यात काही घेत नसे, नुसता मिशीवर ताव देई. पोरीसाठी आलेलं पहिलंच स्थळ त्याने डोळे मिटून पसंत केलं होतं, पण दारात आलेली कुत्री मात्र दात तपासून घ्यायचा.

या सगळ्या थाटाची मोलकरीण त्याची बायको. जनरलच्या अंगाखालचं पोतं रोज तीच धुवायची, आणि गेले काही महिने त्यावर रक्ताचे डाग पडत होते. तिने नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "उन्हाळी लागली असेल. पाणी पाज भरपूर. आणि गावभर करू नकोस." तिने केलं नाही. संसारात एवढे शब्द गिळले होते, त्यात आणखी एक.

मग समोरच्या शिंपिणीच्या कुत्रीला, चिंधीला, रक्त जायला लागलं. शिंपिणीला मागेपुढे कुणी नव्हतं. कापडाच्या ढिगात सापडलेलं हे पिल्लू तिने लेकरासारखं वाढवलं होतं. गुरांची डॉक्टरीण गावात आली तेव्हा वखारवाल्याच्या बायकोनेच चिंधीचं डोकं मांडीवर धरलं.

"गाठ आहे," डॉक्टरीण म्हणाली. "लागण होणारी. एकाच्या गाठीतले जिवंत कण दुसऱ्याच्या अंगात जाऊन रुजतात, बहुतेक जुगताना. दर आठवड्याला एक इंजेक्शन द्यायचं, पाचसहा झाली की बहुतेक कुत्री ठणठणीत होतात. ही होईल."

"आणि ज्याच्याकडून आली, तो?"

"त्यालाही हीच गाठ. नराची आत लपलेली असते, म्हणून कुणी बघत नाही. पुढच्या आठवड्यात सगळे नर तपासायला आणा."

हा निरोप गावात पोचला आणि आग लागली. नर तपासायचे? गावातले अर्ध्याहून जास्त नर जनरलचे मुलगे नाही तर नातू. त्याच संध्याकाळी वखारीतल्या ओंडक्यांवर पुरुष जमले आणि निकाल आधीच ठरल्यासारखे बोलू लागले. चिंधी उनाड आहे. चिंधीला घराणं नाही. रोग चिंधीनेच आणला, तेव्हा तिला उचलून लांब खाणीपलीकडे सोडून यायचं, म्हणजे प्रश्न मिटला. शिंपीण दाराशी उभी राहून हात जोडत होती. "एक सुई झाली आहे हो, गाठ बसेल. तोवर बांधून ठेवते," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिच्याकडे कुणी मान वळवून पाहिलंही नाही.

वखारवाल्याची बायको चहाचे पेले घेऊन आली होती. तिने ते खाली ठेवले आणि म्हणाली, "जनरललाही रक्त जातं. चिंधीच्या आधीपासून. पोतं मी धुते, मला माहीत आहे."

एकेकाच्या चेहऱ्यावर आपापल्या अंगणातला कुत्रा उभा राहिलेला तिला दिसला. हे खरं मानलं तर रोग प्रत्येकाच्या दारात निघणार होता. तेवढ्यात वखारवाला मोठ्याने हसला.

"घ्या! मैत्रिणीसाठी बायको नवऱ्याच्या कुत्र्यावर उठली!"

मग सगळेच हसले, इतके की कुणाकुणाचा चहा सांडला. हसता हसताच त्यांनी चिंधीला गोणीत घालून गाडीत टाकलं. शिंपीण गाडीमागे रस्त्याच्या वळणापर्यंत धावली. नंतर ती शिवणयंत्राचं झाकणही उघडेना. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीण आली, तेव्हा एकानेही आपला कुत्रा आणला नाही.

काही दिवसांनी वखारवाल्याच्या बायकोची धाकटी बहीण दारात उभी राहिली. हातातल्या दोरीला कोवळी, तांबूस कुत्री होती, पहिल्यांदाच माजावर आलेली.

"ताई, तुझ्या घरचाच नर, म्हणून दुसरीकडे नेली नाही."

"परत ने," ती म्हणाली. "जनरललाच तो रोग आहे. मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"आमच्या यांनी सांगितलं ना मला!" बहीण कौतुकाने हसली. "म्हटलं, आमची ताई लहानपणापासून अशीच. मुक्या जिवासाठी देवासमोरसुद्धा खोटं बोलेल."

"खोटं नाही गं! तुझी शपथ. चल, तुझ्या डोळ्यांनी बघ. हात लावला तरी रक्त येतं त्याला."

"शी, ताई! कुत्र्याचं तसलं काय बघायचं? लोक काय म्हणतील?"

वखारवाल्याच्या बायकोने दोरीला हात घातला. पण तोवर वखारवाला बाहेर आला होता. "आलात मेहुणीबाई!" म्हणत त्याने दोरी हसतमुखाने काढून घेतली आणि कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला. "हाडात दम आहे हं हिच्या."

"अहो, तिला नको," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या. लहान आहे ती."

"बायकांचं काम नाही इथे," तो म्हणाला आणि कुत्रीला आत घेऊन त्याने वखारीचं फाटक लावलं. आतून साखळी सुटल्याचा आवाज आला.

बहिणीने लाजून तोंड फिरवलं आणि तिचा दंड प्रेमाने धरला.

"चल ना घरात, ताई. उभी काय राहिलीस? चहा टाक."