बंद जबड्यातला शून्य

मी चरबी मोजायचा चिमटा. माझं सांगणं कितपत खरं धरायचं, ते तुम्हीच ठरवा. कारण मी आधी पडलो की धनसिंगला आधी मोजलं, हेच मला कित्येक वर्षं नक्की आठवत नव्हतं. आणि सगळा दोष त्या क्रमावरच ठरायचा होता.

मला दोन जबडे, एक स्प्रिंग आणि एक तबकडी आहे. माणसाची कातडी बोटांनी उचलायची, माझ्या जबड्यात द्यायची, दोन सेकंद थांबायचं आणि काटा वाचायचा. चरबी जाड, तर आकडा मोठा. विश्वंभर सरांनी मला पीएच.डी.च्या कामासाठी घेतलं. पुढे हिंगोलीच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवताना त्यांनी वर्षानुवर्षं मला हाताळलं. निवृत्त झाले, पत्नी वारल्या, मुलगी नांदेडला गेली. घरात सर आणि मी उरलो. दर रविवारी चहाआधी ते स्वतःचंच पोट मोजत, वजन करत आणि वहीत लिहून ठेवत. मोजायला दुसरं कुणी येतच नव्हतं.

मग धनसिंग आला. साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा, तिशीचा गडी; सेनगाव ते गोरेगाव जीप चालवायचा. जानेवारीत हिंगोलीला शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती, औषधं न घेणाऱ्यांची; तिची तयारी सरांनी दर रविवारी मोजून करून घ्यावी, एवढंच त्याचं मागणं.

"स्टँडवरचे हसतात, सर. म्हणतात, बिना सुईचं शरीर म्हंजे बिना डिझेलची जीप. मला एकदा दाखवायचंय त्यांना."

सरांना किती वर्षांनी कुणी सर म्हणून विचारत होतं! ते रोज रविवारची वाट पाहू लागले. मीही पाहत होतो, असं मला वाटतं.

आकडा उतरत गेला. ऑगस्टमध्ये त्याचं पोट चौदा मिलिमीटर, दिवाळीनंतर सात. शेवटची चरबी पोटावरून आणि कमरेच्या मागून जाते, हट्टी असते. पंच तिथंच पाहतात. सर पूर्वी तेही नजरेनं ओळखत. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची भीती. काटा तेवढा भिंग धरून वाचता येई, म्हणून सगळी भिस्त माझ्यावर.

डिसेंबरातल्या एका रविवारी काटा नऊवर थांबला.

सरांनी पुन्हा मोजलं. नऊच. त्यांनी माझे जबडे मिटून पाहिले. काटा बरोबर शून्यावर आला. मग त्यांनी मान वर केली.

"धनसिंग, चोरून खातोस का रे?"

"न्हाई, सर. आईची आण."

त्या दिवशी मिराबाई, त्याची आई, सोबत आली होती. ती उठून पुढे आली. "सर, भाकरीच्या तुकड्याला हात लावत न्हाई ते. तोंड पाहा की लेकराचं! गालफडं बसली. घरी तिळाचे लाडू केले तर वास येतो म्हून भाईर जाऊन बसते."

"बाई, चेहऱ्यावरून चरबी कळत नसते. काटा खोटं सांगत नाही."

"काटा तुमचा. पोरगं माझं हाय."

पण सरांनी आकडाच धरला. धनसिंगचा भात बंद केला, पळणं दुप्पट केलं. त्याची कातडी माझ्या जबड्यात कागदासारखी लागत होती. मला ते कळत होतं का, की आता कळल्यासारखं वाटतं? ठाऊक नाही.

स्पर्धेत सर मला पिशवीत घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. धनसिंगच्या अंगात काही उरलंच नव्हतं. दंड सपाट पडलेले, मांड्या थरथरत होत्या. तो शेवटून पहिला आला.

बाहेर येऊन तो सरांच्या पाया पडला. "हारलो ते हारलो, सर. पण तुमी मला चोर काहून म्हणले?"

त्यानंतर धनसिंग परत आला नाही. जीपही विकली म्हणे त्यानं.

मी डबीत गेलो.

सहा वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, मुलीनं हट्टानं सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवलं. दिसायला लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा जुनी वही काढली. त्या डिसेंबरातल्या एका शुक्रवारी त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: "चिमटा हातातून फरशीवर पडला. शून्य तपासला. ठीक." शून्य ठीकच असणार. स्प्रिंग सैल झाली तरी मिटलेल्या जबड्यात ते कळत नाही. कातडी धरली की दाब कमी पडतो आणि आकडा फुगतो. हे सर वर्गात शिकवत असत.

त्या नोंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या रविवारी त्यांनी स्वतःला मोजलं होतं. वजन दोन्हीकडे एकाहत्तर किलो. पोट आधी सव्वीस, नंतर एकतीस. शेजारी त्यांनी कंसात लिहिलं होतं, "गोड कमी करणे".

धनसिंगचा नऊचा आकडा त्यानंतरच्या पानावर होता.

त्याचा फोन लागत नाही. तांड्यावर विचारलं तर मायलेक कामाला पुण्याकडे गेलेत म्हणतात. सर मला समोर ठेवून बसतात, मोजत नाहीत. तुम्हाला कुठे तो भेटला, तर माझं एवढं सांगा: वही तपासली आहे. धनसिंगनं चोरून काहीच खाल्लं नव्हतं.