पोटरीचं माप

"उतरलं! अर्धा इंच उतरलं!" अशी आरोळी उठली की अख्खा हॉल हात जोडायचा. पट्टीबाबा मात्र डोळे मिटून बसायचे, जणू आपण त्या गावचेच नाही. भिंतीलगत उंच बाकं मांडलेली. त्यांवर पाय सुजलेली माणसं सकाळपासून बसलेली, पाय खाली लोंबकळत. जमिनीला पाय टेकला की रोग परत चढतो, असा बाबांचा नियम होता.

त्या बाकावर माझी भाची बसली होती. एका जागी कधी बसवत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. चौदा वर्षांची पोर, पण पोटरीवरच्या गाठीने तिला खिळवून ठेवलं होतं. गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कॅन्सर म्हटलं आणि घाबरून आम्ही बाबांकडे धावलो.

तिचा बाप, म्हणजे माझा दादा, शिंपी. दुकानात काजं-बटणं मी करते. दादा जगात कुणाचं ऐकणार नाही, पण टेपचं ऐकेल. गिऱ्हाईक कितीही म्हणालं, "मी बारीक झालोय हो," तरी हा टेप लावल्याशिवाय मान डोलावणार नाही. बाबांनी ते पहिल्याच भेटीत हेरलं.

"माझ्या मापावर विश्वास नको," बाबा म्हणाले. "तुमचाच टेप आणा. तुमच्याच हाताने मोजा."

झालं! दादा लोण्यासारखा वितळला.

दुपारी नंबर लागायचा. दादा पोटरी मोजायचा. मग बाबा भिंगरीला गादीवर आडवी करत, पाय उशांच्या ढिगावर चढवत आणि बोटांपासून गुडघ्यापर्यंत ओली पट्टी करकचून गुंडाळत. तासभर पुटपुटणं चाले. "वरचा वर जा, खालचा खाली जा, आल्या वाटेने चालता हो!" रोगाला वाट दाखवणारा हा पोलीस पाहून एरवी मी हसले असते. पट्टी सुटली की दादा पुन्हा मोजायचा आणि माप खरंच उतरलेलं असायचं. मी स्वतः पाहिलं. हसू कुठल्या कुठे गेलं.

"सुई टोचली तर रोग बिथरेल," बाबांनी बजावलं. मग वहिनीकडे बोट केलं. "ही पोटात असताना तू कुणाचा तरी तळतळाट घेतलास. तोच हाडात उतरलाय."

त्या दिवसापासून वहिनी लेकीच्या नजरेला नजर देईना.

औषध नको हे सांगायलाच दादा दवाखान्यात गेला. मी आणि वहिनी मागोमाग, भिंगरीला धरून. डॉक्टरीणबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि भिंगरीला विचारलं, "तिथे कशी बसतेस गं?"

"पाय लोंबकळत. सकाळपासून. मुंग्या येतात. मग पाय वर करून बांधतात."

"शिंपीदादा, त्या उंच टेबलावर बसा. पाय लोंबकळू द्या. मी बाकीचे पेशंट बघून येते."

दादा फुरंगटून बसला. दुपारी बाईंनी त्याला त्याचीच पोटरी मोजायला लावली, पाय उशांवर ठेवला आणि घट्ट पट्टी बांधली. तासाभराने सोडली. दादाने मोजलं. पुन्हा मोजलं. पाव इंच कमी.

"आता सांगा, तुमच्या पायातली कुठली गाठ विरघळली?"

दादाच्या हातातून टेप गळून पडला.

"पाय लोंबकळला की पाणी खाली साठतं, आवळून वर केला की हटतं," बाई म्हणाल्या. "गाठ तिथेच असते. तिथून ती फुप्फुसात जाते. हिची अजून गेलेली नाही. अजून."

त्या 'अजून'वर मी भिंगरीचा हात घट्ट धरला.

"पण गाठ आली कुठून?" दादा म्हणाला.

"प्रत्येक पेशीत शरीर चालवायच्या सूचना असतात, गुणसूत्रांवर लिहिलेल्या. ही गुणसूत्रं अधूनमधून तुटतात. तुमची, माझी, सगळ्यांचीच. पेशी ती जोडून घेते, बहुतेक वेळा नीट. हिच्या एका पेशीत अकरा नंबरचं आणि बावीस नंबरचं अशी दोन एकदम तुटली आणि टोकांची अदलाबदल झाली. एका जनुकाचा, म्हणजे एका सूचनेचा, तुकडा दुसऱ्याच जनुकाला जोडला गेला."

"म्हणजे शर्टाला पँटचा पाय?"

"तसंच. तुम्ही तो उसवला असता. पेशीने तो तसाच वापरला. त्या जोडजनुकातून जे प्रथिन बनतं ते भलतीच जनुकं चालू करतं. मग पेशी वाढतच सुटते. हाडांच्या आणि स्नायूंच्या आसपासच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये असा काहीतरी चुकीचा सांधा सापडतो. हिच्या तुकड्यात तो सापडलाय, म्हणून कुठलं औषध द्यायचं ते आम्हाला कळलं."

वहिनी पहिल्यांदाच बोलली. "माझ्यामुळे तुटलं का?"

"नाही. हा सांधा फक्त गाठीतल्या पेशींत असतो. तुम्ही दिलेला नाही. कुणाच्या तळतळाटाने गुणसूत्र तुटत नाही. हिचंच का तुटलं, ते मला माहीत नाही. पण तुमचा दोष नाही, हे नक्की माहीत आहे."

वहिनीने लेकीला ओढून घेतलं आणि इतकी रडली की भिंगरीच तिची समजूत काढू लागली.

"बरी होईल ना?" दादाने विचारलं.

"पुष्कळ मुलं होतात. सगळी नाही होत. उशीर केला तर आशा कमी होत जाते."

औषध दुसऱ्या दिवसापासून सुरू करायचं ठरलं.

त्या औषधाने आता भिंगरीचे केस गेलेत. तिला उलट्या होतात. आम्ही अजून घाबरलेलेच आहोत. मध्यंतरी दादा एकटाच त्या हॉलमध्ये जाऊन आला. बाकांसमोर उभा राहून म्हणाला, "माझीही पोटरी उतरली होती. आणि मला तर कुठलाच रोग नाही!" भक्तांनी त्याला धक्के मारून बाहेर काढलं. पण एक बाई आपल्या मुलाला कडेवर घेऊन त्याच्या मागोमाग बाहेर आली. दवाखाना कुठे आहे, तिने विचारलं.

चमत्कार दिसला तर तो धडधाकट माणसावरही करून पाहा. तिथेही घडला, तर त्याने रोग बरा होत नाही. घाबरलेल्याला मी हसणार नाही, भीती काय असते ते मला ठाऊक आहे. पण जिथे "मला माहीत नाही" असं म्हणायची लाज वाटत नाही आणि तुम्हाला प्रश्न विचारू देतात, तिथे जा. आणि लवकर जा.