ताईचे दोन अभिप्राय

गॅसवर चहा उतू गेला, तरी ताईचं डोकं मोबाइलमधून वर आलं नाही. आपल्या कादंबरीला एखादा तारा वाढला का, हे पाहिल्याशिवाय तिची सकाळ सुरूच होत नसे. शाळेच्या कार्यालयातली नोकरी आणि घरचं सगळं सांभाळून तिने तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. प्रकाशकांनी दारात उभं केलं नाही, म्हणून तिने त्या स्वतःच ऑनलाइन प्रकाशित केल्या. यात वाईट काय? उलट कौतुकच करायला हवं! घोळ होता तो पुढे.

ताई एका मंडळात होती. आपली पुस्तकं आपणच काढणाऱ्या लेखकांचं मंडळ. तिथला नियम असा, की कुणाचं पुस्तक आलं की बाकीच्यांनी संध्याकाळच्या आत पाच तारे टाकायचे. वाचायला वेळ कुणाला आहे? ‘ओघवती भाषा, जिवंत पात्रं, एका बैठकीत संपवलं’ एवढं ठोकून दिलं की झालं. एका पठ्ठ्याने तर पाककृतींच्या पुस्तकातही जिवंत पात्रं पाहिली होती! सगळा ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’चा कारभार. ताईच्या तिन्ही पुस्तकांना तारेच तारे, आणि वाचक मात्र औषधालाही नाही.

तशात तिच्या धाकट्या बहिणीने पुस्तक काढलं. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी ही धाकटी! दृष्टी जात चाललेली आई आणि तिला रोज वाचून दाखवणारी मुलगी, एवढीच गोष्ट. पण अनोळखी माणसं तिला लांबच लांब अभिप्राय लिहू लागली. कुणी भांडत होतं, कुणी रडत होतं, एका आजोबांनी तर तीनदा वाचलं म्हणे.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. मंडळाच्या सवयीने तिने आपल्या नावाने पाच तारे टाकले खरे, पण पोटातली आग काही शमेना. ‘मी इतकी वर्षं घासतेय, आणि ही कालची पोर!’ शेवटी तिने एक दिवस रजा टाकली आणि चुका शोधायला म्हणून ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. एक चूक सापडली. मग खोट्या नावाने, एकच तारा देऊन तिने लिहिलं, “शेवटच्या तीन प्रकरणांत आई कुठे गायब झाली? असल्या लोकांनी लिहूच नये.”

रविवारी दोघी आत्याकडे जेवायला गेल्या. आत्याचं सारं आयुष्य वाचनालयात गेलेलं. ताटं वाढून झाली, तरी धाकटी नुसती भात चिवडत बसली होती.

“काय गं, जेवत का नाहीस?” आत्याने विचारलं.

“पुस्तक काढून टाकतेय मी, आत्या. आज रात्रीच. आणि यापुढे लिहिणार पण नाही.” तिने तो अभिप्राय वाचून दाखवला. “खरंच आहे तिचं. आई गेली ते मला लिहिताच येईना. हात थांबायचा. म्हणून मी तिला तशीच सोडून पुढे गेले.”

ताईचा घास तोंडातच फिरू लागला. ती आई तिचीही होती.

“वेडाबाई!” आत्या म्हणाली. “यातलं पहिलं वाक्य वाचकाचं आहे, ते जपून ठेव. दुसरं जळक्या पोटातून आलंय, ते केरात टाक. पुस्तक खटकलं तर खुशाल सांगावं, पण कुणी लिहावं न् कुणी नाही हे ठरवणारी ही कोण टिकोजीराव? आणि ताई, तू काय लिहिलं होतंस गं?”

“ताईने पाच तारे दिले की,” धाकटीच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता. “पण ताई सगळ्यांनाच देते. त्यातून मला काय कळणार?”

हे मात्र ताईच्या जिव्हारी लागलं. “तो एक तारासुद्धा माझाच आहे!” ती एकदम बोलून गेली. “मीच लिहिलं ते. जळले मी तुझ्यावर. तुला परकी माणसं वाचतात, मला कोण वाचतं?”

धाकटीने ताट सरकवलं आणि ती उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग ती वळली. तिचे डोळे भरून आले होते.

“मी वाचलीत तुझी पुस्तकं. तिन्ही! दुसऱ्यातला सासरा मला अजून आठवतो, आणि तिसरं अर्ध्यावरच कंटाळवाणं झालं. पण तू कधी विचारलंस? ‘तारे टाकलेस का’ एवढंच विचारायचीस!”

ताई ओक्साबोक्शी रडली. “चुकले गं. तो अभिप्राय आत्ताच्या आत्ता काढते. पुस्तक मात्र काढून टाकू नकोस.”

“माफ केलं असं मी एवढ्यात म्हणणार नाही,” धाकटी म्हणाली. “आणि अभिप्राय काढायचा नाही. ते दुसरं वाक्य खोड आणि खाली स्वतःचं नाव घाल.”

ताईने तिथल्या तिथे तसं केलं. तो एक तारा आणि आधीचे पाच तारे, दोन्ही पुसून तीनच दिले. मंडळाला कळवलं, की यापुढे मी वाचल्याशिवाय कुणाला तारा देणार नाही, आणि मलाही देऊ नका. दोघातिघांनी तिच्याशी बोलणं टाकलं. टाकेनात का!

वाचकहो, आपल्या शेजारीपाजारी, घरात, कचेरीत कुणी ना कुणी पदरमोड करून लिहीत असतं. त्यांना आपली तोंडदेखली स्तुती नको, आणि आपला मत्सर तर नकोच नको. पुस्तक उघडा, शेवटपर्यंत वाचा, वाटलं ते खरं सांगा आणि त्याखाली आपलं नाव लिहायला कचरू नका!

पुढच्या आठवड्यात धाकटी कागद घेऊन ताईच्या दारात आली. आई गेल्याचं प्रकरण तिने लिहायला घेतलं होतं. “बस इथे,” ती म्हणाली. “त्या दिवशी दवाखान्यात तू होतीस, मी नव्हते. मला सगळं सांग.”