चारच्या ठिपक्यावर

शुक्रवारी वनमालाचं घड्याळ थांबलं आणि शाळेची घंटा चाळीस मिनिटं उशिरा झाली. नेमकी परीक्षा चालू होती.

वनमाला जन्मांध. पाटोद्याजवळच्या त्या शाळेत पस्तीस वर्षं घंटा तीच देत आली. मनगटावरच्या घड्याळाची काच झाकणासारखी उघडायची, आत आकड्यांच्या जागी उठावाचे ठिपके होते. ठिपके आणि काटे बोटानं चाचपले की तिला वेळ कळे.

“सोमवारी घड्याळ नीट चाललं तर ठीक,” मुख्याध्यापक म्हणाले, “नाहीतर विजेची घंटा बसवतो. तुम्ही आपलं नुसतं बसा, बाई.”

नुसतं बसायचं, याचीच तिला धास्ती होती.

घड्याळवाल्यानं भिंग लावून मान हलवली. “आतलं चक्र गेलंय. ब्याऐंशी सालातलंच दुसरं घड्याळ आणा, त्यातलं काढून बसवतो. नंतरच्या घड्याळाचं बसत न्हाई.”

एकोणीसशे ब्याऐंशी साली बीडच्या शिबिरात अंध मुलांना अशी अकरा घड्याळं वाटली होती. अकराही नावं वनमालाला पाठ. शनिवारभर तिची भाची सुरेखा फोन फिरवून घड्याळाची हकीकत सांगत राहिली. कुणी वारलेलं, कुणाचं घड्याळ भंगारात गेलेलं. उरले आष्टीकडचे बबनराव. रविवारी दुपारी दोघी सुरेखाच्या मोटरसायकलवरून त्यांच्या दारात पोचल्या.

“शिबिरात सगळ्यांना दरडावणारी वनमाला ती तूच ना?” बबनराव हसले.

“आन् रातभर घोरणारे तुमीच ना?”

त्यांची आजारी बायको बायडाबाई आत खाटेवर पडून होती. बबनराव म्हणाले, “हिची गोळी, हिचं इंजेक्शन, समदं या घड्याळावर हाय.” त्यांनी ते मनगटावरून काढून सुरेखाच्या हातात दिलं. “साल बघ, पोरी. मागं कोरलंय.”

१९८२. तेच घड्याळ, आणि चालू.

बबनराव पाणी आणायला आत गेले. सुरेखानं दाराकडं पाहिलं. उद्या साडेदहाला घंटा. दार उघडं होतं, मोटरसायकल अंगणात होती. तिनं घड्याळ हळूच पिशवीत सोडलं आणि आत्याचा हात धरला. “आत्या, चल.”

वनमाला हलली नाही.

“सुरेखा, टिकटिक कुठं गेली?”

“कुठली?”

“पिशवीतून येतीय. काढ भाईर.”

“आत्या, उद्या ते तुला बसवून ठेवतील!”

“बसवू दे. तिकडं बाई इंजेक्शनवर हाय. काढ.”

तांब्या घेऊन बबनराव दारात उभे होते. किती ऐकलं, कळेना. सुरेखानं घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं. तिला वर बघवेना. मनगटावर पट्टा आवळून त्यांनी विचारलं, “वनमाला, तुझं थांबतं कुठं?”

“म्हंजी?”

“मोठा काटा कुठं असतो थांबला की?”

“चारच्या ठिपक्यावर.”

“दर बारी?”

“दर बारी. पुढं ढकललं की चालतं, फिरून तिथंच अडतं.”

“मग चक्र कशानं जाईल? चक्र गेलं तर कुठंबी थांबंल. आण इकडं.” त्यांनी काच उघडली, काट्यावरून बोट फिरवलं. “काटा खाली दबलाय. ठिपक्यात अडकतो. एवढं जड बोट तुझं न्हाई. कुणाला हात लावू देतीस?”

वनमालाला शाळा आठवली. मधल्या सुट्टीत पहिली-दुसरीची पोरं रांग लावत. डोळे मिटून वेळ ओळखायला तीच त्यांना शिकवी.

बबनरावांनी नखानं काट्याचं टोक केसभर उचललं. “भिंगवाल्यानं आत पाह्यलं, वर न्हाई. पण टिकंल का, उद्याच कळंल.”

सोमवारी दहा वाजून अठरा मिनिटांनी वनमाला घंटेखाली उभी होती. समोर मुख्याध्यापक हातात मोबाइल धरून. सुरेखा फाटकाशी. वनमालानं काच उघडून बोट अगदी हलकं टेकवलं. रात्रभर दर तासाला सुटत आलेला काटा पुन्हा चारच्या ठिपक्याला भिडला. बोटाखाली काटा सरकेना, सरकेना, आणि मग सरकला.

साडेदहाला टोला पडला. मुख्याध्यापकांनी मोबाइल पाहिला आणि खिशात घातला.

मधल्या सुट्टीत दुसरीतली आरोही रांगेत पहिली होती. वनमालानं तिचं बोट हातात घेतलं.

“आधी बोट हलकं करायला शिकायचं. सायीवर ठेवल्यावानी. साय फाटली न्हाई पायजे.”