पाण्यातला ण

“पुन्हा म्हण,” देवदत्त सर म्हणाले.

जागृतीने हातातला खडू खाली ठेवला. “पोफळीच्या मुळाशी पानी साचलेलं चालत नाही.”

“पानी?”

“पाणी.”

“आता कसं आलं? म्हणजे येतं. लक्ष नसतं, एवढंच.” सर रिकाम्या वर्गाच्या पहिल्या बाकावर बसले होते, एक पाय दुसऱ्यावर टाकून. “जीभ वर वळव आणि टाळूला लाव. समितीत माझ्याशिवाय पुण्याचे दोघं आहेत. तू आत जाऊन ‘पानी’ म्हणालीस की तुझी पीएचडी तिथल्या तिथे वाहून जाईल.”

ती हसली. सर दुखावेल असं बोलत, पण ते भल्यासाठी असतं हे ती सात वर्षांत शिकली होती. पर्यावरणशास्त्र विभागात ती तासिका तत्त्वावर शिकवायची आणि सर विभागप्रमुख होते. तिचा प्रत्येक जूनचा करार त्यांच्या शिफारशीवर नव्याने व्हायचा. या वर्षी पहिल्यांदाच कायम जागा निघाली होती. पुढच्या जूनमध्ये तिची वयोमर्यादा उलटणार होती, म्हणजे तिच्यासाठी ती शेवटचीही होती.

जागा ‘आगर अभ्यास केंद्रा’साठी होती. टेकडीवरचं हे विद्यापीठ येशूसंघी फादरांचं. नवे कुलगुरू फादर रुमाव वसईचे. येऊन वर्ष व्हायच्या आत त्यांनी हे केंद्र काढलं होतं. जाहिरातीत एवढंच लिहिलं होतं: उमेदवाराने ‘आगर’ या विषयावर व्याख्यान द्यावं.

जाहिरात वाचली तेव्हा जागृतीला काही शंकाच आली नव्हती. ती पेणजवळच्या खाडीकाठची, मीठ पिकवणाऱ्यांच्या घरातली. त्यांच्याकडे आगर एकाच प्रकारचं असतं. तिने एका बैठकीत सगळं मांडून काढलं होतं. भरतीचं पाणी आत कसं घेतात, एका खणातून दुसऱ्या खणात जाताना ते कसं जड होत जातं, मिठाच्या आधी तळाशी काय बसतं आणि मिठानंतर उरलेलं कडू पाणी का सोडून देतात. मोठ्या हौसेने तिने ते सरांना दाखवलं होतं.

सरांनी दोन चित्रं पाहिली आणि लॅपटॉप मिटला.

“कुठलं आगर म्हणतेस तू?”

“म्हणजे... आगर, सर. मिठाचं.”

“अगं, आपण अष्टागरात बसलोय. इथे आगर म्हणजे नारळी-पोफळीचं. माझ्या चौलच्या घरामागे आहे ते. मिठाचं हवं असतं तर मिठागर लिहिलं नसतं का?” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “आणि एक सांगतो, रागावू नकोस. तिथे जाऊन मीठ दाखवलंस तर लोक म्हणतील, घरचंच पोतं उचलून आणलंन. शिकलेल्या माणसाने घराबाहेरचं बोलावं.”

तिचे कान तापले होते. एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही, याची तिला लाज वाटली. त्या दिवसापासून रोज शेवटचा तास संपला की सर थांबत आणि तिच्याकडून पोफळीचं व्याख्यान घोटून घेत. इतकं कोण करतं, असं तिला वाटे.

आज निघताना सरांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली.

“आमच्या विहिरीचं. व्याख्यान होऊ दे, मग सावकाश तपास. चक्रीवादळात निम्मं आगर आडवं झालं, ठाऊक आहे ना तुला? आता श्रीवर्धनहून चारशे रोपं सांगितली आहेत. जुना पंप पुरणार नाही म्हणून मोठा घेतला. आमची गोदावरी म्हणते, अहो, एवढा खर्च करताय तर आधी पाणी बघा.”

“अलिबागला प्रयोगशाळा आहे सर, तिथलं प्रमाणपत्र...”

“ते कशाला? तुझ्या हातचा आकडा मला पुरतो.”

हे वाक्य ती घरी जाईपर्यंत मनात घोळवत राहिली.

व्याख्यान चांगलं झालं. एकही ‘न’ निसटला नाही. पोफळीची सावली, मुळं, वादळानंतरची लागवड, सगळं तिने ठरल्याप्रमाणे सांगितलं. पुण्याच्या दोघांनी माना डोलावल्या. फादर रुमाव हनुवटी तळहातावर टेकवून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“आणि खाडीच्या बाजूला?”

जागृतीने सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते.

“खाडीच्या बाजूला पोफळ होत नाही, फादर.”

“होत नाही,” फादर म्हणाले. “बरोबर आहे.” आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

निकाल देण्याआधी निवड समितीने प्रार्थनाघरात पाव तास गप्प बसायचं, ही या विद्यापीठाची जुनी रीत होती. चर्चा नाही, कागद नाही. ज्याने त्याने आपल्या मनाला विचारायचं आणि मग बाहेर येऊन नाव सांगायचं. जागृती समोरच्या बाकावर थांबली होती. दाराच्या काचेतून सरांची पाठ दिसत होती. ते अगदी ताठ बसले होते. आपल्यासाठीच बसलेत, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

शेजारी दुसरा उमेदवार होता. निकेत नावाचा, पुण्याचा, चेहऱ्याने भला मुलगा. तो म्हणाला, “मी उपग्रहाचे फोटो घेऊन आलो होतो. उरण-पेणकडची मिठागरं वरून काय सुंदर दिसतात! प्रत्यक्षात मात्र एकही पाहिलेलं नाही.”

“मिठागरं?”

“हो. विषयच तो होता ना?”

जागृतीला त्याची कीव आली. बिचारा परगावचा. इथे आगर कशाला म्हणतात, हे सांगणारं त्याला कोणी भेटलं नसणार. त्याला आत्ता सांगून काय उपयोग, म्हणून ती गप्प राहिली. स्वतःची पाण्याची बाटली मात्र तिने त्याच्यापुढे धरली.

निकेतची निवड झाली.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत पदार्थविज्ञानाचे विनेश सर पेला पुढे करत म्हणाले, “जागृतीबाई, जरा पाणी द्या बघू.”

“जगमध्ये पाणी संपलंय,” ती म्हणाली.

“अरे वा! ण आला! पद गेलं, पण ण राहिला!”

खोलीतले सगळे हसले. देवदत्त सरही हसले आणि मग तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले.

“मनाला लावून घेऊ नकोस. फादरांना पुण्याचं कोणी हवं असेल. तू माझ्या विभागात आहेसच. खरं सांगू? तू तिकडे गेली असतीस तर माझी प्रयोगशाळा बंद पडली असती. उपकरणाला कोण हात लावणार होतं? पुढच्या करारात तास वाढवून देतो तुला. आणि ते पाणी तेवढं बघ. रोपांचा टेम्पो अडलाय.”

संध्याकाळी आईचा फोन आला. कृष्णाबाईंना फोनवर ओरडून बोलायची सवय होती.

“काय झाला गो? पक्की झालीस?”

“नाय, आये.”

“कसा काय नाय? आपले आगराचा सांगलास ना सगला?”

“नाय. सुपारीचा सांगला.”

पलीकडे कृष्णाबाई हसायला लागल्या. “सुपारी? आपल्याकरं सुपारी फकस्त लग्नान लागते गो! तुना कोनी सांगला सुपारीचा?”

जागृतीने रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

त्यानंतरच्या सोमवारी फादर रुमावांनी तिला बोलावलं. त्यांच्या खोलीत एक क्रूस, एक कपाट आणि दोन खुर्च्या होत्या. त्यांनी स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली.

“बस, बाय. मी तुला एक विचारणार आहे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. हे केंद्र मी परिषदेपुढे मांडलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तूच होतीस. आगरात जन्मलेली, आणि त्याचंच रसायन शिकलेली. अशी दुसरी कोण मिळणार होती? मग तू पोफळीवर का बोललीस?”

जागृतीने खुर्चीचे हात धरले.

“मला वाटलं, फादर... अष्टागर म्हणतात ना... इथे आगर म्हणजे...”

“असं होय?” फादर हळहळले. “मग कोणाला विचारायचं तरी. तुझ्या देवदत्त सरांनाच विचारायचं. त्यांनी तर परिषदेत हाच प्रश्न काढला होता. म्हणाले, फादर, आगर म्हणजे आमचं की त्यांचं? सगळे हसले. मी म्हटलं, त्यांचं, मिठाचं. तुमच्या आगराला आमच्या वसईत वाडी म्हणतात.”

जागृतीने खुर्चीच्या हातावरची बोटं उचलली आणि मांडीवर ठेवली.

“कधी विचारलं त्यांनी?”

“जाहिरात निघायच्या आधी.” फादरांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं त्यांना वाचता आलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. “मौनात बसण्यापूर्वी मी दर वेळी विचारतो, उमेदवारांबद्दल कोणाला काही सांगायचं आहे का. असेल तर सांगून मोकळं व्हावं आणि मगच गप्प बसावं. त्या दिवशीही विचारलं. कोणी काही बोललं नाही.”

“आता काही...”

“नाही, बाय. मौनात ठरलेलं आम्ही फिरवत नाही. नाहीतर त्या मौनाला काय अर्थ राहिला?” ते उठले. दारापर्यंत तिच्यासोबत आले आणि मायेने म्हणाले, “एक कर मात्र. निकेतला एकदा तुमच्या गावी घेऊन जा. त्याला तिथली बोली कळायची नाही. तू असलीस तर लोक बोलतील त्याच्याशी.”

“हो, फादर,” ती म्हणाली.

ती तिथून थेट प्रयोगशाळेत आली आणि तिने अ‍ॅप्रन चढवला. सरांची बाटली खिडकीत उन्हात होती. पाणी स्वच्छ होतं, तळाशी गाळाचा कणही नव्हता. तिने थोडं तळहातावर घेऊन चाखलं. जिभेला काहीच लागलं नाही.

मोजून घेतलेलं पाणी तिने चंबूत ओतलं, त्यात क्रोमेटचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. मग ती ब्युरेटमधून चांदीचं द्रावण थेंब थेंब सोडायला लागली. गोड्या पाण्यात दोन-चार थेंबांत रंग पालटतो आणि पिवळ्याचा विटकरी होतो. गेल्या वर्षी याच विहिरीचं पाणी असंच पटकन पालटलं होतं. आज थेंब पडला की लाली उमटे, आणि चंबू हलवला की विरून जाई. पुन्हा थेंब, पुन्हा लाली, पुन्हा पिवळं. ब्युरेटमधली रेघ खाली खाली सरकत राहिली. किती तरी वेळाने विटकरी रंग टिकला.

तिने चंबू धुतला आणि पुन्हा केलं. मग आणखी एकदा. आकडा हलला नाही.

खाडी विहिरीपर्यंत पोचली होती. माणसाच्या जिभेला ते कळायला अजून वर्ष-दोन वर्षं लागली असती. पोफळीच्या कोवळ्या मुळांना मात्र पहिल्याच उन्हाळ्यात कळलं असतं. जुन्या पंपाने जपून उपसलं तर उभी झाडं कदाचित तगली असती. मोठा पंप बसवला की तो खारं पाणी ओढून आतच घेणार होता. असं एकदा मुरलेलं मीठ जमिनीतून काढता येत नाही. हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. तिच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत मीठच पिकवत आले होते.

पाठीमागे चपला वाजल्या.

“झालं का गं?” सरांच्या हातात स्टीलचा डबा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. “गोदावरीने नारळाच्या वड्या पाठवल्यात तुझ्यासाठी. म्हणाली, पोर नाराज असेल.” त्यांनी ब्युरेटकडे एक नजर टाकली, पण चष्मा खिशातच होता. “फादरांनी बोलावलं होतं म्हणे?”

“हो. निकेत सरांना आमच्या गावी न्यायला सांगितलंय.”

“एवढंच?”

“एवढंच, सर.”

सरांचे खांदे किंचित सैल झाले. “बरं. मग आमच्या विहिरीचं काय म्हणतेस? टेम्पोवाला फोनवर थांबलाय.”

चंबूतला विटकरी रंग अजून गडद होता. जागृतीने चंबू उचलून मोरीत उपडा केला आणि नळ सोडला.

“नीट बघितलंस ना?”

“तीनदा केलं, सर. तिन्ही वेळा तेच आलं.”

“काय आलं?”

तिने नळ बंद केला. जीभ वर वळवली आणि टाळूला लावली.

“पाणी गोडं आहे.”

सर मनापासून हसले.

“बघ! ण कसा स्वच्छ आला,” ते म्हणाले आणि फोन कानाला लावला. “हां, ऐकताय ना? उद्या सकाळीच येऊ द्या. सगळी चारशे.”