सोवळ्यातला फ्रीज

“गेला, वहिनी,” फ्रीजच्या मागून सिद्धोधनचा आवाज आला.

“गेला म्हंजी? गॅस भरा की.”

“भरला तर आठ दिवस बी टिकायचा न्हाई. आतली नळी गळायलीय, अन् ती भिंतीत फोमच्या आत बसवलेली हाय. खोलायची सोयच ठिवली न्हाई करणाऱ्यानं.” गुडघ्यांवर हात टेकत तो उठला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीला पुसला. “आताचे सगळे असेच. दिसायला नाजूक अन् वागायला बी नाजूक.”

पलंगावर बसलेल्या तानुबाईंनी जपमाळ थांबवली. “कितवा गं हा?”

सासूबाईंना आकडा पाठ आहे, हे राजेश्रीला पक्कं माहीत होतं. तरी ती म्हणाली, “तिसरा.”

“तिसरा. अन् थोरल्या सविताचा तोच हाय. मी आणलेला.” तानुबाईंनी मणी पुढं सरकवला. “एकेकीच्या हाताला यश असतंय बाई. तुझ्या हातात वस्तू टिकत न्हाई, त्याला कोण काय करणार?”

सिद्धोधन पक्कड पिशवीत घालत होता. राजेश्रीनं त्याच्याकडं पाहिलं. “सिद्धोधनभाऊ, सविताअक्कांचा तीस वर्षं चालतोय, ते कसं काय?”

“जुनं लोखंड, वहिनी,” तो पिशवीच्या चेनकडं बघत म्हणाला. “निघतो मी. पैसे ऱ्हाऊ द्या, काम झालंच न्हाई.”

पूर्णा जंक्शनच्या स्टेशनमागं एकाच गल्लीत दोघी जावांची घरं. थोरली सविता वळणावरच्या घरात, धाकटी राजेश्री कडुनिंबाच्या समोर. चौदा वर्षांपूर्वी भाऊ वेगळे झाले तेव्हा भांडीकुंडी वाटून झाल्यावर मधोमध फ्रीज उरला होता. एकदारी, पांढरा, मुठीजवळ थोडा पिवळा पडलेला. तानुबाईंनी आधी धाकटीला विचारलं. राजेश्रीचं लग्न तेव्हा नवं होतं, नवरा योगीराज रेल्वेत पक्का झालेला. ती नाक मुरडून म्हणाली होती, “जुनं डबडं घेऊन मी काय करू? मला नवा घ्या.” पदर खोचून सवितानं त्या डबड्याला एका बाजूनं हात लावला होता.

राजेश्रीचा पहिला नवा सहा वर्षांत गेला. दुसरा पाच. हा तिसरा तर तिसऱ्याच उन्हाळ्यात. प्रत्येक नव्या फ्रीजच्या पूजेला सविता कुंकवाचा करंडा घेऊन यायची, दारावर स्वस्तिक काढायची आणि जाताना म्हणायची, “त्याच्यासंगं आलेलं पुस्तक दे गं, वाचून देते.” ती पुस्तकं परत कधी आली नाहीत. राजेश्रीला वाटे, ही घरी नेऊन हसत असेल.

आणि दोन वर्षांपूर्वी तर सवितानं कडीच केली. दसऱ्यानंतर तिनं सांगून टाकलं, की आता हा फ्रीज देवाचा. अभिषेकाचं दूध, नैवेद्याचं दही, लोणी, एवढंच त्यात राहणार. सोवळ्यातला फ्रीज. घरच्यांनीसुद्धा हात लावायचा नाही. गल्लीतल्या बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. कुणाचा फ्रीज असा नियम पाळतो? राजेश्री घरी येऊन पोथी उघडून बसली, पण त्या दिवशी एकाच पानावर तिचं बोट कितीतरी वेळ अडकून राहिलं.

नेमधर्म तीही करायची. सोमवार, प्रदोष, रोजचा एक अध्याय. पण देवापुढं डोळे मिटले, की महादेवाच्या आधी तो पांढरा फ्रीज उभा राहायचा. त्याच वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी पिंडीवर बेल वाहताना तिच्या तोंडून निसटूनच गेलं होतं, “देवा, एकदा तरी तिचा बंद पडू दे.” तिची तीच दचकली होती. प्रायश्चित्त म्हणून तिनं एक्कावन्न बेलपानं जास्तीची वाहिली होती. मागणं मात्र मागं घेतलं नव्हतं.

“माझ्या औषधाचं काय आता?” तानुबाईंनी विचारलं.

राजेश्रीला तेव्हाच आठवलं. इन्सुलिनची बाटली! बाहेर त्रेचाळीस डिग्री. पत्र्याखालच्या घरात बाटली दुपारपर्यंत खराब झाली असती.

“सविताकडं नेऊन ठीव,” सासूबाई म्हणाल्या. याच वाक्याची तिला भीती होती.

स्टीलच्या लहान डब्यात बाटली घालून ती वळणावरच्या घरी गेली. दारातूनच तो फ्रीज दिसत होता. डोक्यावर क्रोशाचं विणकाम, त्यावर गणपती, शेजारी भिंतीवर स्टॅबिलायझरचा लाल दिवा ऐटीत जळत होता. राजेश्रीनं सगळं सांगितलं. सविता उंबऱ्यातच उभी राहिली.

“आज जरा...” ती अडखळली. “देवाचं हाय ना त्यात.”

“आत्याबाईचं औषध हाय, अक्का. माझं दूध न्हाई ठिवायचं मला.” राजेश्रीचा आवाज तिला नको होता तेवढा धारदार झाला. “औषधाला बी विटाळ असतोय का तुमच्यात?”

सविताच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. राजेश्रीला तो गर्व वाटला. “आण इकडं,” ती म्हणाली आणि डबा घेऊन आत वळली. “पाणी पिऊन जा. माठातलं देते, फ्रीजचं घशाला लागतंय.”

“नको,” राजेश्री म्हणाली. फ्रीज असून माठाचं पाणी पाजायचं! तेवढंसुद्धा पाहुण्याच्या नशिबी नाही.

संध्याकाळी ती योगीराजबरोबर दुकानात गेली. काचेआड फ्रीज ओळीनं उभे होते, निळे, लाल, फुलाफुलांचे. एकाच्या दारावर घड्याळासारखे आकडे चमकत होते. विकणारा मुलगा भराभरा बोलत होता. मोबाइलवरून चालतो, बर्फ साठत नाही, कंप्रेसरला दहा वर्षं.

“अन् बाकीच्याला?” राजेश्रीनं विचारलं.

“बाकीच्याला एक वर्ष, काकू.”

“मंग बाकीचं गेल्यावर त्या कंप्रेसरला काय कवटाळून बसू? तीस वर्षं टिकणारा हाय का एखादा?”

तो हसला. “तीस वर्षं? काकू, तवर तुमालाच कट्टाळा यील त्याचा.”

योगीराजही हसला. “अगं, घे की एखादा. संसार फ्रीजवर चालतोय का?” राजेश्री दुकानाबाहेर पडली. तिचा संसार कशावर चालतो हे त्याला कुठं माहीत होतं? तिला एकदा, फक्त एकदा, सासूबाईंच्या तोंडून ऐकायचं होतं, की राजेश्रीच्या हातातही वस्तू टिकते.

सकाळी तानुबाईंच्या इंजेक्शनची वेळ झाली तशी ती औषध आणायला गेली. दाराला नुसती कडी. सविता महादेवाला पाणी घालायला गेली असणार, थोरले दीर भुजंगराव बाहेर. त्यांची पिठाची गिरणी बंद पडल्यापासून ते सकाळीच घराबाहेर पडत, ते जेवायलाच उगवत. राजेश्रीनं थोडं थांबून पाहिलं. सासूबाईंना उपाशी ठेवणं बरं नव्हतं. तिनं रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले, डोळ्यांना पाणी लावलं, पदर डोक्यावरून घेतला. देवाच्या वस्तूला हात लावायचा तर निदान एवढं तरी. मग आत जाऊन तिनं मूठ धरली आणि दार उघडलं.

थंडावा आला नाही. दिवा लागला नाही. आला तो कापराचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास.

वरच्या कप्प्यात पोथ्या होत्या, लाल फडक्यात बांधलेल्या. मधल्यात घड्या घातलेल्या साड्या. दारावरच्या अंड्यांच्या खळग्यांत फुलवाती, एका खळग्यात एक, अशा नीट मांडलेल्या. राजेश्रीनं बर्फाचा खण उघडला. तिथं तीन पुस्तकं होती. तिच्याच तीन फ्रीजची. तिसऱ्याच्या पानावर एका दोनदारी लाल फ्रीजचं चित्र होतं आणि त्याच्या बाजूला कुंकवाच्या बोटाचा पुसट ठसा.

तिला आधी हसू आलं. खरंच आलं, कसं लपवायचं? इतक्या वर्षांचं पोटात साठलेलं एकदम हलकं झालं. दोन वर्षं हिनं सगळ्या गल्लीला... दोन वर्षं! दसऱ्यापासून. आणि त्याच्या आधीचा श्रावण.

हसू तिथंच थिजलं. देवानं ऐकलं होतं. तिच्याच सोमवारी, तिच्याच बेलाला, आणि तिला कळवलंही नव्हतं. ती पुढं दोन वर्षं मेलेल्या फ्रीजवर जळत राहिली होती.

औषध मात्र आत नव्हतं. ते तिला देवघराच्या खालच्या कोपऱ्यात सापडलं. ओल्या वाळूत एक लहान मडकं पुरलेलं, त्यात डबा, तोंडावर चौपदरी ओलं फडकं. फडक्यातून अजून पाणी ठिबकत होतं, म्हणजे देवळात जाण्याआधीच ते भिजवलेलं. तिनं डब्याला बोट लावलं. गार.

सगळं होतं तसं ठेवून, कडी लावून ती पायरीवर येऊन बसली. थोड्या वेळानं सविता तांब्या घेऊन आली.

“कवा आलीस?”

“आत्ताच.”

“थांब, फ्रीजातून काढून देते.”

ती आत गेली. पायरीवर बसल्या बसल्या राजेश्रीला फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला. थोडं थांबून ते लागल्याचाही आला, जुन्या दाराचा जड, भरीव आवाज. मग सविता डबा घेऊन बाहेर आली.

“लय गार हाय, अक्का,” राजेश्री म्हणाली.

घरी येईपर्यंत तिच्या तोंडात एकच वाक्य घोळत होतं. तानुबाईंनी बाटली गालाला लावून पाहिली. “बघ. फ्रीज असावा तर असा.”

“आत्याबाई, त्यो फ्रीज...” राजेश्री म्हणाली आणि थांबली. तिच्या कानात पुन्हा ते दार लागल्याचा आवाज आला.

“काय त्याचं?”

“काही न्हाई. चांगला हाय.”

दुपारी ती सिद्धोधनच्या दुकानावर गेली. “अक्कांच्या फ्रीजला काय झालं ते मी इचारत न्हाई,” ती म्हणाली. “तुमी आजपातूर सांगितलं न्हाई, आता बी सांगू नका. मी कुठला घेऊ तेवढं सांगा.”

सिद्धोधननं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं पाहिलं. “एकदारी घ्या, वहिनी. आकडे, दिवे, मोबाइल काही नको. वीज वरखाली झाली की आधी त्यातलं इलेक्ट्रॉनिक कार्डच जळतंय. बर्फ हातानं काढायचा. अन् मागची जाळी उघडी असलेला मिळाला तर बघा, माझा हात तरी पोचंल.”

“तीस वर्षं टिकंल?”

“न्हाई,” तो म्हणाला. “पण गेला तर दुरुस्त करून दीन.”

दोन दिवसांनी फ्रीज आला. एकदारी, करड्या रंगाचा, ज्याच्याकडं कुणी वळून पाहणार नाही असा. सविता करंडा घेऊन आली. तिनं बोट कुंकवात बुडवून दारावर पहिली रेघ ओढली.

“किती दिवस टिकतंय बघू,” पलंगावरून तानुबाई म्हणाल्या. “सविता, तुझं काय बाई, तुला असं सारखं कुंकू लावायची पाळीच आली न्हाई.”

सविताचं बोट दारावर थांबलं. राजेश्रीनं ते पाहिलं. अजूनही एक शब्द पुरला असता.

“खरं हाय, आत्याबाई,” ती म्हणाली. “त्येंच्या हाताला यश हाय.”

स्वस्तिकाची शेवटची रेघ जरा वाकडी गेली. सवितानं बोट पदराला पुसलं. या वेळी तिनं पुस्तक मागितलं नाही. राजेश्रीनंच ते तिच्या हातात दिलं.

“अक्का, खालचा कप्पा धुऊन रिकामा ठिवलाय मी. तुमच्या देवाचं दूध तिथं ठिवत जा.”

“माझ्याकडं हाय की फ्रीज,” सविता हळू म्हणाली.

“हाय की. पण माझ्या घरात देवाचं काही ठिवलं तर कदाचित ह्यो तरी टिकंल. माझ्यासाठी ठिवा.”

“ठीव गं सविता,” तानुबाई म्हणाल्या. “तुझ्या हातानं टिकला तर टिकंल.”

सविता राजेश्रीकडं बघत राहिली. राजेश्री वायरची घडी सोडवत होती. करंडा आणि पुस्तक घेऊन सविता गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

चौथ्या दिवशी सकाळी राजेश्रीनं दार उघडलं तर ओट्यावर पितळी गडू होता. कुणी हाक मारली नव्हती, कडीही वाजवली नव्हती. तिनं हातपाय धुतले, पदर घेतला, गडू उचलला. त्याच्या तोंडावर चौपदरी ओलं फडकं होतं, पिळून, कडा आत खोचून बसवलेलं. त्याचा गारवा तळहातातून मनगटापर्यंत चढला. आपल्याला असं फडकं कधी बांधता आलं नसतं, असं तिला वाटलं, आणि तो जुना ओळखीचा हेवा पुन्हा जागा झाला.

“कोण आलंय गं?” आतून तानुबाईंनी विचारलं.

“कुणी न्हाई, आत्याबाई.”

तिनं गडू खालच्या कप्प्यात ठेवला. फडकं तसंच राहू दिलं.